बाल्कनीतून दिसणारा डोंगर चित्रात किती जवळ आणावा?

कागदरेषा (नौपाडा, ठाणे) यांचा प्रश्न

नमस्कार. मी वास्तुविशारदांसाठी आणि जाहिरात एजन्सींसाठी इमारतींची पूर्वचित्रे, म्हणजे आपण सगळे सरसकट ज्यांना रेंडर म्हणतो ती, तयार करण्याचे काम गेली ११ वर्षे घरूनच करते. आराखडे ऑटोकॅडमध्ये येतात, त्यांवरून मी थ्रीडीएस मॅक्समध्ये इमारत उभी करते, व्ही-रेमध्ये प्रकाश बसवते आणि शेवटचा हात फोटोशॉपमध्ये फिरवते. तंत्राबद्दल मला विचारायचे नाही. जे विचारायचे आहे ते थोडे सविस्तर मांडावे लागेल, तेव्हा लांबण लागली तर सांभाळून घ्यावे.

घोडबंदर रस्त्याच्या खाडीकडच्या बाजूला एक ३४ मजली इमारत उभी राहत आहे. तिच्या माहितीपुस्तिकेसाठी २२व्या मजल्यावरच्या बाल्कनीचे चित्र मला करायचे आहे. बाल्कनीचे तोंड नैऋत्येला आहे आणि समोर येऊरचा डोंगर दिसतो, ही गोष्ट खरीच आहे. मी ड्रोनने काढलेले छायाचित्र पाहिले आहे. मात्र बाल्कनी आणि डोंगर यांच्या मध्ये घोडबंदर रस्ता आहे, रस्त्यावर मेट्रोचा उन्नत मार्ग आहे, त्यापलीकडे पत्र्याच्या छपरांच्या दोन शेड आणि एक उघडा नाला आहे, आणि डाव्या हाताला एक रिकामा भूखंड आहे, ज्यावर दुसऱ्या विकासकाची तितकीच उंच इमारत मंजूर झालेली आहे.

एजन्सीने पहिल्यांदा सांगितले की बाल्कनी प्रशस्त वाटली पाहिजे. म्हणून मी कॅमेऱ्याचे भिंग १८ मिलिमीटरचे, म्हणजे खूप रुंद दृश्य पकडणारे, घेतले आणि कॅमेरा दिवाणखान्याच्या भिंतीच्या मागे नेऊन भिंत कापून टाकली. बाल्कनी ऐसपैस झाली. पुढच्या फेरीत निरोप आला की डोंगर फारच लांब गेला आहे, तो जरा उचला. मग मी ड्रोनच्या छायाचित्रातला डोंगर वेगळा कापून घेतला, जवळजवळ पावणेदोन पटीने मोठा केला आणि मागे लावला. तिसऱ्या फेरीत मेट्रोचा मार्ग, शेड आणि नाला यांच्या जागी दाट झाडी टाकायला सांगितले, रिकाम्या भूखंडावरही झाडीच. त्याखेरीज सकाळचे कोवळे ऊन बाल्कनीत पसरलेले हवे आहे, वेताच्या टेबलावर चहाचा कप हवा आहे आणि कपातून वाफ निघायला हवी आहे. वाफेबद्दल माझी काही तक्रार नाही.

तयार झालेले चित्र देखणे आहे आणि अडचण नेमकी तीच आहे. ते पाहून कुणीही म्हणेल की हा फोटो आहे. खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'चित्र ही कलाकाराची कल्पना आहे' अशी ओळ येईल, असे एजन्सीने सांगितले आहे, परंतु त्या ओळीने माझे समाधान झालेले नाही. आकाश बदलणे, झाडाला दोन फांद्या जास्त देणे, संध्याकाळी खिडक्यांत दिवे लावणे हे मी आजवर नि:शंकपणे करत आले. मग इथेच हात का अडखळला, याचे उत्तर मला नीट शब्दांत मांडता येत नाही. चित्र सजवणे कुठे संपते आणि खोटे सांगणे कुठे सुरू होते, हे ठरवण्याचे काही व्यावहारिक माप आपल्यापैकी कुणी वापरते का? आणि एजन्सीशी बोलताना नीतीचा पाठ न देता हे कसे सांगावे? पुढच्या कामावर पाणी सोडण्याची माझी तयारी नाही, हेही प्रामाणिकपणे सांगते.

वाशीचा आर्टवाला

एजन्सीच्या बाजूने बोलणारे कुणीतरी हवे, म्हणून पहिला मीच लिहितो. मी बरीच वर्षे जाहिरातीत कलादिग्दर्शनाचे काम केले आहे आणि 'डोंगर जरा उचला' हे वाक्य माझ्या तोंडूनही निघालेले आहे.

माझ्या मते चित्र कुठे लागणार आहे, यावर पुष्कळ काही अवलंबून असते. माजिवड्याच्या उड्डाणपुलाजवळचे होर्डिंग माणूस धावत्या गाडीतून तीन सेकंद पाहतो. त्याला तिथे प्रकल्पाचे नाव आणि 'डोंगराजवळ' एवढाच भाव पोहोचवायचा असतो, तेथे डोंगर मोठा झाला म्हणून कुणाची फसवणूक होत नाही. माहितीपुस्तिकेची गोष्ट निराळी. ती घेऊन नवरा-बायको विक्री कार्यालयातल्या सोफ्यावर बसतात, पानावर बोट ठेवून 'हे आपल्याला इथून दिसेल का' असे विचारतात आणि समोरचा मुलगा 'हो' म्हणतो. तेव्हा ते चित्र जाहिरात राहत नाही, त्या 'हो'चा पुरावा होते. तुमचे काम पुस्तिकेसाठी आहे, त्यामुळे तुमचा हात अडखळला ते योग्यच झाले, असे मी म्हणेन.

एक व्यवहाराची गोष्ट सांगतो. प्रत्येक फेरीतली सूचना ईमेलवर मागून घ्या, फोनवर आलेली असेल तर 'आपल्या सांगण्याप्रमाणे पुढील बदल करत आहे' असे स्वतः लिहून पाठवा. लेखी मागितल्याबरोबर निम्म्या सूचना आपोआप गळून पडतात, हा माझा अनुभव आहे; कारण 'नाला काढून टाका' हे बोलणे सोपे असते आणि स्वतःच्या नावाने लिहिणे अवघड असते.

जुना कुंचला (डोंबिवली)

मी हातांनी यथार्थदर्शन, म्हणजे एका जागेवरून डोळ्याला दिसेल तसे इमारतीचे चित्र, काढणाऱ्या पिढीतला आहे. डोंबिवलीहून रोज फोर्टला जाऊन वास्तुविशारदांच्या कचेऱ्यांमध्ये आम्ही हे काम करत असू. आता डोळ्यांमुळे बंद आहे, तरी विषय निघाला की राहवत नाही.

त्या वेळी चित्राची सुरुवात रंगाने होत नसे, उभे राहण्याच्या जागेने होत असे. मजल्याचा नकाशा टेबलावर चिकटवायचा, पाहणारा कुठे उभा आहे तो बिंदू त्याच्यासमोर ठरवायचा, चित्रपटलाची, म्हणजे ज्या काल्पनिक काचेवर दृश्य उमटते तिची, रेषा ओढायची आणि मग एकेक कोपरा त्या बिंदूशी जोडून वर न्यायचा. विलोपबिंदू, म्हणजे समांतर कडा चित्रात जिथे एकत्र येतात तो बिंदू, टेबलाच्या बाहेर जात असे, म्हणून आम्ही भिंतीत खिळा ठोकून त्याला दोरा बांधत असू आणि दोरा ताणून कडा तपासत असू. माझ्या जुन्या बैठकीच्या भिंतीवर डाव्या बाजूला अशा खिळ्यांची भोके इतकी झाली होती की घरमालकाने एकदा विचारले, इथे काय गणपतीची आरास करता काय. पाहणाऱ्याची जागा बदलायची असेल तर तीन दिवसांचे काम फुकट जात असे, म्हणून ती जागा फार विचाराने ठरवली जाई. तुमच्याकडे कॅमेरा बोटाने सरकतो; सोय मोठी आहे, परंतु त्यामुळे 'हे कुठून दिसते' हा प्रश्न कुणी विचारेनासे झाले, असे मला वाटते.

आम्ही खोटे रंगवत नव्हतो असे मात्र मी मुळीच म्हणणार नाही. एअरब्रशने मारलेले निळे आकाश वाशीवर वर्षातून किती दिवस असते? रस्त्यावर कायम एकच परदेशी मोटार, फुटपाथवर कायम एकच साडी नेसलेली बाई आणि तिच्या हातात फुगा धरलेले मूल. एका वसाहतीच्या चित्रात मी समोरच्या मोकळ्या भूखंडावर बाग रंगवली, मधोमध गुलमोहर. मला कुणी सांगितले नव्हते. कागदाचा तो कोपरा ओका वाटत होता, एवढेच कारण. दोन-अडीच वर्षांनी एक गृहस्थ वर्तमानपत्रातले जाहिरातीचे कात्रण घेऊन कचेरीत आले. त्यांनी घर त्या बाजूचे मुद्दाम निवडले होते आणि त्या भूखंडावर आता पेट्रोल पंपाचे काम सुरू झाले होते. ते भांडले नाहीत. कात्रण टेबलावर ठेवून त्यांनी गुलमोहरावर बोट ठेवले आणि 'हे कुणी काढले' एवढेच विचारले. मी आतल्या खोलीत होतो आणि बाहेर आलो नाही.

तरीसुद्धा आमच्या चित्रात आणि तुमच्या रेंडरमध्ये एक मोठा फरक आहे. पोस्टर कलरचे चित्र आपण चित्र आहोत हे स्वतःच सांगत असे. कुंचल्याचे फटकारे दिसत, झाडे ठिपक्यांची असत, खाली सही असे. पाहणारा मनातल्या मनात थोडी सूट कापून घेत असे, जशी आपण मुलीकडच्यांनी सांगितलेल्या वयातून किंवा मुलाकडच्यांनी सांगितलेल्या पगारातून कापतो. तुमचे चित्र छायाचित्राचा वेष घालून येते आणि त्यामुळे पाहणारा काहीच कापत नाही. तुमच्या कोपऱ्यातली बारीक ओळ ही त्या सुटीची जागा घेऊ शकत नाही, कारण ओळ वाचावी लागते आणि फटकारा नुसता दिसतो.

हा पेच काही आपल्याच काळात आला असेही नाही. इंग्लंडमध्ये अठराव्या शतकाच्या अखेरीस हम्फ्री रेप्टन नावाचा उद्यानरचनाकार होऊन गेला. तो जमीनदारांना आपल्या सूचना लाल कातडी बांधणीच्या वह्यांमध्ये देत असे. त्यातल्या जलरंगातल्या देखाव्यावर कागदाची एक पट्टी चिकटवलेली असे; पट्टीवर जागेची सध्याची स्थिती आणि पट्टी उचलली की खाली रेप्टनने सुचवलेली बाग. विकण्याची युक्ती म्हणून ती आजही कुणाला सुचली तर मान डोलवावी अशी आहे, परंतु मला तिच्यातला प्रामाणिकपणा अधिक आवडतो. आज काय आहे आणि पुढे काय होईल, हे दोन्ही एकाच जागेवरून, एकाच चौकटीत. तुमच्या डोंगराला अशी पट्टी लावायची वेळ आली तर पट्टीवर काय काढाल?

कासारवडवलीकर

मी या व्यवसायातला नाही, केवळ घर घेतलेला माणूस आहे, म्हणून थोडक्यात लिहितो. डोंगर दूर असला तरी एक वेळ चालते, आतल्या खोलीचे चित्र अधिक घात करते. आमच्या पुस्तिकेत ९ फूट रुंद आणि १० फूट लांब शयनगृह असे काही मोकळे दिसत होते की आम्ही डबल बेड, कपाट आणि लिहिण्याचे टेबल असे तिन्ही ठरवून टाकले. ताबा मिळाल्यावर ६ फुटी बेड टाकला तर दोन्ही बाजूंना दीड-दीड फूट उरले आणि पायाकडच्या कपाटाचे दार अर्धेच उघडू लागले. मग एका रविवारी पुस्तिका काढून चित्रातल्या फरशा मोजल्या. फरशी २ फूट बाय २ फुटांची, आमच्या घरात तीच बसवली आहे. चित्रातला पलंग लांबीला अडीच फरशा भरला. पाच फूट लांबीच्या पलंगावर झोपायचे कुणी? तेव्हापासून कुणी पुस्तिका दाखवली की मी आधी फरशा मोजतो.

पारसिकची पायवाट (बेलापूर)

मी नगररचनेचे काम करतो, त्यामुळे माझा संबंध विक्रीच्या चित्रांपेक्षा रस्ते, चौक आणि वसाहती यांच्या चित्रांशी अधिक येतो. कागदरेषा यांनी माप मागितले आहे, तेव्हा मापानेच उत्तर देण्याचा प्रयत्न करतो. थोडे गणित आहे, परंतु एजन्सीशी बोलताना तेच उपयोगी पडेल.

नेहमीच्या ३६ बाय २४ मिलिमीटर चौकटीवर १८ मिलिमीटरचे भिंग आडवे ९० अंश पाहते, २८ मिलिमीटरचे सुमारे ६५ अंश आणि ५० मिलिमीटरचे सुमारे ४० अंश. आता असे धरू की डोंगराचा कडा २ किलोमीटरवर आहे आणि बाल्कनीतल्या माणसाच्या डोळ्यापेक्षा २०० मीटर उंच आहे. खरा आकडा तुम्ही जागेवरून काढा, पद्धत तीच राहील. उंची आणि अंतर यांचे गुणोत्तर ०.१ येते. १८ च्या भिंगात त्या डोंगराची उंची चौकटीवर १.८ मिलिमीटर, म्हणजे चित्राच्या उंचीच्या साडेसात टक्के भरते. ५० च्या भिंगात तोच डोंगर ५ मिलिमीटर, म्हणजे जवळपास एकवीस टक्के होतो. तेव्हा डोंगर दूर गेला याला डोंगर जबाबदार नाही आणि तुम्हीही नाही. ज्या भिंगाने बाल्कनी ऐसपैस केली, त्याच भिंगाने डोंगर बारीक केला. पुढे तुम्ही तो पावणेदोन पटीने मोठा केला, म्हणजे बाल्कनी १८ च्या भिंगाने आणि डोंगर सुमारे ३२ च्या भिंगाने पाहिला आणि दोन्ही एका कागदावर डकवले. एका माणसाला एका जागी उभे राहून एकाच वेळी असे दिसू शकत नाही. तुमचा हात जिथे अडखळला ती जागा हीच असावी, असे मला वाटते. आकाश बदलले तरी पाहणारा आपल्या जागी उभा असतो, इथे मात्र त्याच्या पायाखालची जागाच काढून घेतली आहे.

यावर कुणी म्हणेल की १८ चे भिंग तरी खोटे कसे, भूमिती तर बरोबरच आहे. बरोबर आहे, परंतु ती एका विशिष्ट अंतरावरून पाहिली तर. ३० सेंटिमीटर रुंदीच्या पानावर १८ च्या भिंगाचे चित्र छापले, तर ते डोळ्यापासून १५ सेंटिमीटरवर धरले तरच खऱ्यासारखे दिसेल. पुस्तिका नाकाला लावून कुणी वाचत नाही. तेच पान ५० च्या भिंगाचे असेल तर योग्य अंतर सुमारे ४२ सेंटिमीटर येते, आणि माणूस पुस्तिका साधारण तेवढ्याच अंतरावर धरतो. खोल्यांसाठी ५० फार अरुंद पडते हे मला मान्य आहे, म्हणून आम्ही आतल्या चित्रांना २४ ते २८ च्या खाली जात नाही आणि कॅमेरा भिंतीच्या आतच ठेवतो. कासारवडवलीकरांनी फरशा मोजल्या ते वाचून आनंद वाटला; आमच्या कचेरीत नव्या मुलांना पहिल्या आठवड्यात हेच शिकवले पाहिजे.

आणखी एक गोष्ट तुमच्या प्रश्नात दडलेली आहे आणि ती तुमच्याही लक्षात आलेली दिसत नाही. बाल्कनी नैऋत्येला आहे आणि एजन्सीला तिच्यात सकाळचे कोवळे ऊन हवे आहे. ते तिथे पडणारच नाही. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो, तेव्हाही त्या भिंतीवर पहिली तिरीप यायला दहा वाजायला येतात, आणि ती अगदी घासून जाणारी असते. मे-जूनमध्ये तर दुपार झाल्याशिवाय ऊन तिकडे फिरकत नाही. ठाणे १९.२ अंश उत्तर अक्षांशावर आहे, म्हणून मे महिन्याच्या मध्यावर आणि जुलैच्या शेवटच्या आठवड्यात आपल्याकडे शून्य सावलीचे, म्हणजे माध्यान्ही सूर्य बरोबर डोक्यावर येण्याचे, दिवस येतात, आणि त्या दोन दिवसांच्या दरम्यान माध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. व्ही-रेमध्ये सूर्याला ठिकाण, तारीख आणि वेळ देता येते. बहुतेक जण ते न देता सूर्य हाताने हवा तिथे टांगतात. तुम्ही तारीख-वेळ टाकून पाहा, आणि मग एजन्सीला संध्याकाळ सुचवा. येऊरच्या मागे मावळणारा सूर्य त्या बाल्कनीला खरोखर मिळणार आहे, आणि विकण्याच्या दृष्टीने तो चहाच्या कपापेक्षा कमी नाही. दुपारी ती भिंत तापणार आहे हे कुणी पुस्तिकेत छापणार नाही, ते आपण सोडून देऊ.

आता कायद्याबद्दल. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याच्या बाराव्या कलमाप्रमाणे जाहिरातीतल्या किंवा माहितीपुस्तिकेतल्या चुकीच्या माहितीवर विसंबून कुणी आगाऊ रक्कम दिली आणि त्याचे नुकसान झाले, तर प्रवर्तकाने, म्हणजे विकासकाने, त्याची भरपाई करायची असते, आणि त्याला प्रकल्पातून बाहेर पडायचे असेल तर पूर्ण रक्कम व्याजासह परत द्यायची असते. नमुना सदनिकाही त्यात येते. जाहिरातीची व्याख्याही त्या कायद्यात चांगली ऐसपैस आहे, 'कोणत्याही स्वरूपातली प्रसिद्धी' तिच्यात बसते. हे दायित्व प्रवर्तकाचे आहे, चित्रकाराचे नाही. परंतु म्हणूनच एजन्सीशी बोलताना 'मला पटत नाही' असे म्हणण्याऐवजी 'तुमच्या ग्राहकाला हे महाग पडू शकेल' असे म्हणता येते, आणि ते ऐकले जाते. १ ऑगस्ट २०२३ पासून महारेराने, म्हणजे याच कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाने, जाहिरातीवर क्यूआर कोड बंधनकारक केला आहे. तो स्कॅन करून घर घेणारा माणूस नोंदणीच्या पानावर जातो आणि मंजूर आराखडा तिथेच पाहू शकतो. चित्र आणि आराखडा आता एकाच मोबाइलवर शेजारीशेजारी उघडतात, ही गोष्ट एजन्सींनी अजून पुरती मनावर घेतलेली नाही.

मधल्या गोष्टी काढायच्या की ठेवायच्या, याबद्दल मी एक भेद करतो. रस्त्यावरची उभी गाडी, दोरीवरचे कपडे, आकाशातले ढग उद्या नसतील. ते काढले तरी चालेल. मेट्रोचा मार्ग, नाला, उच्चदाबाच्या तारा, शेजारची मंजूर इमारत या घर घेणाऱ्याच्या आयुष्यभराच्या गोष्टी आहेत. शेड या दोहोंच्या मध्ये येतात, त्या उद्या पाडल्याही जातील. त्यांच्यापुढे चार झाडे आली तर मी हरकत घेणार नाही. रिकाम्या भूखंडावर मात्र झाडी नको. तिथे मंजूर उंचीचा एक साधा पांढरा ठोकळा दाखवावा, आमच्या कामात तशी पद्धतच आहे. लंडनमध्ये महत्त्वाच्या दृश्यांवर परिणाम करणाऱ्या इमारतींसाठी अशा चित्रांच्या चार पातळ्या ठरवलेल्या आहेत, शून्यापासून तीनपर्यंत. शून्य पातळीवर इमारतीची केवळ जागा आणि आकारमान, पहिल्या पातळीवर ती किती दिसेल आणि किती झाकली जाईल, दुसऱ्या पातळीवर तिचे वास्तुरूप आणि तिसऱ्या पातळीवर साहित्य व पोत. गंमत अशी की तिथे चकचकीत तिसऱ्या पातळीचे चित्रसुद्धा मोजलेल्या कॅमेरा-बिंदूवरच बसवावे लागते. आपल्याकडे सुरुवातच चकाकीपासून होते आणि बिंदू कुणी विचारत नाही.

कचेरीच्या वाटेवर बेलापूरचे आर्टिस्ट्स व्हिलेज लागते, म्हणून एक अवांतर. चार्ल्स कोरिया यांनी ऐंशीच्या दशकात सिडकोसाठी आखलेल्या त्या वसाहतीत सात-सात घरे ८ मीटर बाय ८ मीटरच्या एका अंगणाभोवती मांडलेली आहेत. राहणाऱ्याने घर वाढवावे, बदलावे हे त्या रचनेत धरलेलेच होते, आणि लोकांनी ते इतके बदलले आहे की मूळ उतरत्या छपरांची घरे आता शोधावी लागतात. अंगणे मात्र बरीचशी ओळखू येतात. चित्र काढणाऱ्याने काय पक्के दाखवायचे आणि काय सैल सोडायचे, याचा विचार करताना मला ती वसाहत हटकून आठवते.

कागदरेषा (नौपाडा, ठाणे)

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला आठवडा लागला, कारण दरम्यान दोन चित्रे नव्याने केली.

पारसिकची पायवाट यांनी सांगितल्याप्रमाणे तारीख आणि वेळ टाकून पाहिली. सकाळी आठ वाजता बाल्कनी पूर्ण सावलीत होती. अकरा वर्षांत मी असंख्य वेळा सूर्य हाताने टांगला आहे, हे तेव्हा लक्षात आले आणि थोडी लाजही वाटली. मग कॅमेरा भिंतीच्या आत आणला, भिंग २८ चे घेतले आणि वेळ फेब्रुवारीतली संध्याकाळी सहाची ठेवली. डोंगराला हात लावला नाही. तो आधीच्या डकवलेल्या डोंगरापेक्षा थोडासाच लहान दिसतो, आणि मावळतीच्या प्रकाशात त्याची कड इतकी ठळक येते की तो लहान झाल्याचे एजन्सीत कुणाच्या लक्षातही आले नाही. बाल्कनी अर्थात पूर्वीपेक्षा लहान दिसते. ते मात्र लगेच लक्षात आले.

वाशीच्या आर्टवाल्यांचा उपायही केला. सूचना लेखी मागितल्यावर नाल्याची सूचना आलीच नाही. मेट्रोच्या मार्गाचे तर वेगळेच झाले. बाराव्या कलमाबद्दल मी एक परिच्छेद लिहून पाठवला, त्यावर विकासकाच्या विक्रीप्रमुखांनी उलट विचारले की मार्ग लपवायचा कशाला, मेट्रो जवळ आहे हे तर आपण पहिल्याच पानावर छापतो आहोत. एकाच पुस्तिकेत पहिल्या पानावर मेट्रो जवळ आणि सातव्या पानावर मेट्रो नाहीच, हे मलाही तोवर सुचले नव्हते.

अडले आहे ते रिकाम्या भूखंडापाशी. पांढरा ठोकळा त्यांना कोणत्याही परिस्थितीत नको आहे, झाडीचा आग्रह त्यांनी सोडला आहे, आणि तोडगा म्हणून चित्राची डावी बाजू कापून भूखंड चौकटीबाहेर ठेवावा असे सुचवले आहे. कापलेले चित्र खोटे नाही, तरीही मला ते पुरते पटत नाही. जुना कुंचला काका, आपण पट्टीबद्दल विचारले होते. माझ्या पट्टीवर मी तो ठोकळाच काढला असता. चौकट कुठे थांबवावी, याबद्दल आपले काय मत आहे?

जुना कुंचला (डोंबिवली)

चौकट थांबवण्याचा हक्क आम्हीही बजावत होतो, तेव्हा कापण्याला माझी सरसकट हरकत नाही. माझा प्रश्न वेताच्या खुर्चीबद्दल आहे. चित्रात ती कुठे ठेवली आहे आणि तिचे तोंड कुठे आहे? बसलेल्या माणसाचा डोळा जमिनीपासून चार फुटांच्या आतबाहेर असतो. त्या खुर्चीवर बसून सरळ समोर पाहताना भूखंड नजरेत येत असेल, तर तो चौकटीत हवा. मान पुरती वळवल्याशिवाय दिसत नसेल, तर कापायला हरकत नाही, मात्र मग खुर्ची तिथेच राहू द्या, उद्या कुणी ती डावीकडे फिरवायला सांगितली तर भूखंडही तिच्याबरोबर आत आला पाहिजे.

नकाशावर हे दोन रेषांत कळते. बाल्कनीचा नकाशा आणि शेजारच्या भूखंडाची हद्द एका कागदावर, एकाच प्रमाणात छापून आणा. येत्या रविवारी मी भाच्याकडे ठाण्याला येणार आहे. सकाळी तलावपाळीला गडकरी रंगायतनच्या बाजूला भेटू. पट्टी आणि कोनमापक माझ्याकडे आहे.

कागदरेषा (नौपाडा, ठाणे)

नऊ वाजता येते. नकाशा १:२०० मध्ये चालेल का, की मोठा हवा?

जुना कुंचला (डोंबिवली)

१:५०० करा. १:२०० मध्ये भूखंड कागदाबाहेर जाईल, आणि तलावपाळीला खिळा ठोकायला भिंत नाही.